आधी तुम्ही बसा, मिस

गल्वेव गावात तिशीच्या आतलं जे कोणी आहे, ते इंद्राणी विजेकोनबाईंच्या नजरेखालूनच या जगात आलेलं आहे. सरकारी सुईण म्हणून त्या इथे आल्या तेव्हा तळ्याच्या बांधावरून त्यांची सायकल जायची, आता स्कूटर जाते. लहानथोर सगळे त्यांना ‘मिस’ म्हणतात. मिसच्या जिभेला हाड नाही. पोटुशी बाई पाण्याची कळशी घेऊन चाललेली दिसली, की त्या स्कूटर न थांबवताच तिच्या नवऱ्याचा असा उद्धार करतात, की तो दुसऱ्या दिवसापासून मुकाट्याने पाणी भरायला लागतो. पण त्याच घरात बाळ जन्मलं, की आनंदाने सगळ्यात आधी रडतात त्याही मिसच.

एकदा अनुराधपुराच्या वाटेवर हत्ती आडवा उभा होता. मिसनी स्कूटर थांबवून त्याला, “पलीकडे एक बाई अडलीय, जरा लवकर आटप बाबा,” असं सांगितलं, असं गाव म्हणतं. हत्तीने ऐकलं, असंही गाव म्हणतं. अशा या बाईची पाचावर धारण बसायची ती एकाच गोष्टीने, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीने.

आणि दातांचा तर खेळखंडोबा झालेला. आमच्याकडे दारात आलेल्या माणसापुढे पानाचं तबक येतं, आणि ते परत पाठवणं म्हणजे घरच्यांचा अपमान. मिसचा धंदाच घरोघर फिरण्याचा. प्रत्येक दारी पान, सुपारी, चुना. एवढ्या वर्षांचा पाहुणचार चघळून चघळून त्यांच्या हिरड्या सुजल्या होत्या, एक दाढ कायम ठणकत होती. त्या एकाच बाजूने जेवायच्या आणि तोंडावर हात धरून हसायच्या. गावाला वाटायचं, बाई तोंडाच्या फटकळ असल्या तरी मुळात लाजाळू आहेत.

त्या वर्षी मिसचा जीव अडकला होता तो निलंतीत. निलंती म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्या रुवनची बायको. तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यातच आलं आणि राहिलं नाही. आता दुसऱ्या खेपेला तो महिना पुन्हा जवळ येत होता. देवळातल्या भंतेंनी मंतरलेला दोरा तिच्या मनगटावर होता, आणि सासू पोडिमेनिके तिला अंगणात पडलेली चिंचही वाकून उचलू देत नव्हती. मिस कर्ण्यासारखी लाकडी नळी पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायच्या, तेव्हा निलंती डोळे घट्ट मिटून घ्यायची आणि एकच शब्द विचारायची, “आहे?”

“आहे. घोड्यासारखा पळतोय,” मिस म्हणायच्या. मग कुठे ती डोळे उघडायची.

अशात तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. गरोदर बायकांचे दात तपासणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि सांगितलं, हिरड्या फार सुजल्यात, साफ करायला हव्यात, एक दातही किडलाय, या लवकर. पोडिमेनिकेने सुनेला घरी आणलं आणि पुन्हा काही पाठवलं नाही.

मिस तणतणत आल्या. “का गं म्हातारे, पोरीला दवाखान्यात का पाठवली नाहीस?”

“दात हलला की गर्भ हलतो, मिस. माझी आजी सांगायची.”

“तुझी आजी डॉक्टर होती का?”

“नव्हती. पण नऊ पोरं वाढवली तिने. मी देते ना औषध. लवंग घालून पान देते दोन वेळा, हिरडी घट्ट होते त्याने.”

मिसनी कपाळावर हात मारला. “पान? आगीत तेल ओततेस की काय!” मग निलंतीकडे वळून त्या जरा शांत झाल्या. “इकडे बघ पोरी. भाताच्या शेतात रानडुक्कर शिरलं की तुमची माणसं काय करतात?”

“मशाली घेऊन धावतात. डबे बडवतात.”

“आणि सकाळी भात कोणी तुडवलेला असतो?”

निलंती काही बोलण्याआधी पोडिमेनिकेच बोलली. “निम्मा आमच्याच मेल्यांनी.”

“हां. अंगात कुठे घाण शिरली, की अंगही असंच मशाली घेऊन धावतं. त्यालाच सूज म्हणतात, दाह म्हणतात. थोडा असला तर बरा, पण चढला की चांगल्याचाही नास करतो. आता गर्भाच्या पिशवीजवळ काही शहाणी प्रथिनं राखणीला असतात. ती या धावणाऱ्यांना दटावतात, ‘हळू रे, इथे मूल झोपलंय.’ पण तोंडात महिनोन् महिने आग असली, की तिची हाकाटी रक्तातून अंगभर जाते. राखणदारांनी कुठेकुठे पुरं पडायचं?”

निलंतीचा चेहरा उतरला. “मागच्या वेळी त्याच्यामुळेच झालं का?”

“ते मला ठाऊक नाही. डॉक्टरीणबाईंनाही नाही. हिरड्या साफ केल्या म्हणजे सगळं नीट होईलच, असंही कोणी लिहून देणार नाही. पण जी आग विझवता येते, ती घरात ठेवायची कशाला?”

बोलण्याच्या भरात मिस तोंडावर हात धरायला विसरल्या होत्या. निलंती त्यांच्या तोंडात टक लावून बघत होती.

“मिस, तुमच्या तोंडात तर अख्खं गाव मशाली घेऊन उभं आहे.”

पोडिमेनिकेने पदर तोंडाला लावला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

“मी काय पोटुशी आहे?” मिस म्हणाल्या.

“नाही. पण आधी तुम्ही बसा त्या खुर्चीत. तुम्ही उठून चालत आलात, तर मी बसते.”

“ही काय पैज आहे का गं?”

“पैज नाही, मिस. मला भीती वाटते. तुम्हाला नाही का वाटत?”

मिस ताडकन उठल्या, “कामं पडलीत,” म्हणाल्या आणि स्कूटरला लाथ मारून निघून गेल्या. त्यानंतर काही दिवस त्यांची स्कूटर तळ्याला वळसा घालून, पलीकडच्या वाटेने जायला लागली. नवराबायकोच्या भांडणात मध्ये पडणारी ही बाई एका पोरीपासून तोंड चुकवत फिरत होती, आणि ते त्यांचं त्यांनाच लागत होतं. पण खुर्ची आठवली की स्कूटर पुन्हा पलीकडच्या वाटेला वळायची.

ठोके ऐकायचा दिवस मात्र चुकवता येईना. मिस गेल्या, नळी लावली. निलंतीने डोळे मिटले. या वेळी तिने विचारलंसुद्धा नाही, नुसते ओठ हलले. तिच्या ओठांना रक्त लागलेलं होतं. मिसना एकदम भडभडून आलं. आपण हिला धीर धर म्हणतो आणि स्वतः एका खुर्चीला घाबरून रस्ते बदलतो!

“आहे,” त्या म्हणाल्या. “आणि शुक्रवारी आपण जातोय. आधी मी.”

शुक्रवारी रुवनने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चटई टाकली. पोडिमेनिके आपण होऊन चढली, म्हणाली, सुनेला काही झालं तर तिथेच त्या डॉक्टरणीचं तोंड रंगवीन. दवाखान्यात मिस खुर्चीत बसल्या आणि दिवा तोंडावर येताच त्यांची दातखीळ बसली.

“आ करा ना, मिस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“करते. घाई काय आहे?”

“तुम्ही एवढ्या बायकांना धीर देता...”

“ते दुसऱ्या बाजूचं काम असतं बाई!”

डॉक्टरीणबाईंनी सुई उचलली तशी मिसनी शेजारी उभ्या असलेल्या पोडिमेनिकेचा हात गच्च धरला. म्हातारी दात हलवण्याच्या विरुद्ध होती, पण हात धरणारी बाई पुढ्यात आली, की तिलाही राहवेना. ती खणखणीत आवाजात म्हणाली, “श्वास घ्या, मिस. सोडा. किंचाळू नका, जोर वाया जातो. बघा, झालंच!”

“हे कोणी शिकवलं तुला?” मिस भूल चढलेल्या जिभेने बोबडं बोलल्या.

“तुम्हीच की! रुवनच्या वेळी. वर एक थोबाडीतही दिली होती तुम्ही.”

निलंती फिसकन हसली. मग तिला हसू आवरेचना. पोटाला दोन्ही हात लावून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डॉक्टरीणबाईही सुई बाजूला ठेवून हसत होत्या. या दिवसांत ती अशी हसलेली सासूने पहिल्यांदाच पाहिली.

दाढ निघाली. मिस गालात कापूस धरून उठल्या, बोलता येत नव्हतं म्हणून नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं. निलंती जाऊन बसली आणि तिने आपण होऊन आ केला.

पुढे त्या दोघी अनेकदा बरोबर गेल्या. हिरड्या गुलाबी झाल्या. मिसनी पान सोडलं तेव्हा गावात चार ठिकाणी गैरसमज झाले, मग सगळीकडे चहा यायला लागला. सहावा महिना आला, घरात कोणी मोठ्याने बोलेना, आणि तो गेला. सातवा गेला, आठवा गेला. रुवन शेजाऱ्यांना सांगायचा, “आता तर आई मला खोकूही देत नाही.” नववा भरला आणि इस्पितळात निलंतीला मुलगा झाला, गोल गालांचा, घरी जागा पुरणार नाही एवढा ऐटबाज.

घरी आणल्यावर मिस बघायला गेल्या. नारळाच्या दुधातला भात वड्या पाडून ठेवला होता. बाळाने सूर लावला होता, आणि पोडिमेनिके कौतुकाने सांगत होती, “तळ्यापलीकडून लोक विचारतात, मिस, कोणाला मारताय म्हणून!”

“मग बसलीस काय अशी?” मिस निलंतीवर खेकसल्या. “छातीला लाव त्याला. भुकेल्याला रडवायचं नसतं.”

“लावते, मिस. जरासं थांबा,” निलंती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “पहिला आला ना, तेव्हा मी कान देऊन पडले होते. आता रडेल, आता रडेल म्हणून. काहीच ऐकू आलं नाही.”

मिसना रडतं मूल क्षणभर खपत नाही. पण त्या तिथेच खाली बसल्या. पोडिमेनिकेही बसली. तिघी ऐकत होत्या, आणि पोरगं घसा ताणून रडत होतं.