हुफूफला राहणारी बहीण

रियाधमधल्या ओलाया भागातल्या एका बँकेत, अकराव्या मजल्यावर, विभाची जागा खिडकीजवळ होती. तिथून शहराच्या पूर्वेकडे जाणारा रस्ता दिसायचा. तो रस्ता पुढे हुफूफला जातो, असं तिला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी तिने खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ करून घेतली. उजेड डोळ्यांवर येतो, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

हुफूफला तिचे वडील राहत होते.

जगदीश गायधनी मूळचे नाशिकजवळच्या पळशाचे. पंपाचे मिस्त्री. विभा सहा वर्षांची असताना खजुराच्या बागांना पाणी देणाऱ्या पंपांच्या कामावर ते सौदीला गेले. दर दोन वर्षांनी दीड महिना यायचे. शेवटचे आले तेव्हा विभा बारा वर्षांची होती आणि धाकटी मंजिरी पाच. त्या सुट्टीत त्यांनी विभाला विहिरीत पोहायला शिकवलं. कमरेला दोर बांधायचा, दोराचं दुसरं टोक आपल्या हातात धरून काठावर उभं राहायचं आणि वरून ओरडायचं, "मी धरलंय, तू हात मार." ती सुट्टी संपली, ते गेले, आणि मग पत्रं विरळ होत गेली. तीन वर्षांनी पत्राऐवजी कागद आले, घटस्फोटाचे. हुफूफच्या इस्पितळातल्या एका केरळी नर्सशी त्यांना लग्न करायचं होतं.

आनंदीबाईंनी, म्हणजे विभाच्या आईने, वाद घातला नाही. सही केली, पाकीट बंद केलं आणि बालवाडीवर शिकवायला निघून गेल्या. त्यानंतर घरात वडिलांचं नाव कुणी घेत नसे. त्यांच्याबद्दल बोलायचंच झालं तर 'हुफूफ' म्हणायचं. हुफूफकडून काही आलं का. हुफूफला कळवायचं का. मंजिरीला तर कितीतरी दिवस हुफूफ हे माणसाचंच नाव वाटायचं.

पुढे नशिबाने दोघी बहिणींना याच देशात आणलं. मंजिरीचा नवरा राबिघच्या रिफायनरीत इंजिनिअर, त्यामुळे ती तांबड्या समुद्राकाठी. विभा नवरा सुरेश आणि मुलगी अवनीबरोबर रियाधमध्ये. वडील साडेतीन तासांवर. सात वर्षं ते अंतर तेवढंच राहिलं. मग पळशाहून एका चुलत काकांचा फोन आला, की जगदीश गेला. जाऊन अकरा दिवस झाले होते. देह दमामहून विमानाने कोचीला नेला होता, तिकडच्या लोकांनी सगळं केलं होतं. विभा दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली. सुतक पाळायचं की नाही, हे विचारायलाही तिला कुणी नव्हतं.

याला तीन वर्षं झाल्यावर, एका जानेवारीत, दुपारी तिला अनोळखी नंबरवरून मेसेज आला. रोमन लिपीत, पण मराठी. 'विभाताई, मी रेवा. जगदीश गायधनी यांची मुलगी. मी रियाधला आलो आहे. भेटू का?'

सुरेशने तो वाचून फोन परत दिला. "आलो आहे म्हणतोय. कुणीतरी पुरुष आहे. उत्तर देऊ नकोस."

विभालाही तेच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिने जिन्यात उभं राहून तो नंबर लावला. पलीकडून मुलीचा आवाज आला, जरा घाबरलेला. "हॅलो, मी रेवा बोलतो."

'बोलतो'तला तो 'तो' किंचित लांबवायची वडिलांची पद्धत विभाने तीस वर्षांत ऐकली नव्हती.

त्या दोघी ऑफिसच्या खालीच एका कॉफीच्या दुकानात भेटल्या. रेवा सव्वीस वर्षांची, उंच, अंगावरच्या काळ्या अबाया झग्याची बटणं उघडी, खांद्याला जड पिशवी. हुफूफला खजुराच्या एका कारखान्यात ती माल तपासायची. रियाधच्या प्रदर्शनात कारखान्याचा स्टॉल होता, म्हणून नबीला नावाच्या तिच्या वरिष्ठ सौदी बाईंनी तिला चार दिवसांसाठी आणलं होतं.

"जेवलीस का?" विभाने विचारलं.

"जेवलो. थोडं."

"मराठी कुणी शिकवली तुला?"

"बाबांनी. अम्माला येत नाही. अम्माशी मलयाळम, शाळेत हिंदी-इंग्लिश. मराठी फक्त बाबांशी." तिने कप बाजूला सारला. "मी चुकीचं बोलतो का? तुम्ही हसत नाही ना?"

विभा हसत नव्हती. तिच्या लक्षात आलं, की या मुलीने आयुष्यात मराठी बोलणारी दुसरी बाईच ऐकली नव्हती. आलो, गेलो, विसरलो, असंच ती बोलत होती, कारण वडील तसं बोलत. त्यांनी तिला दुरुस्त का केलं नसेल? कंटाळा केला असेल, की त्या परक्या गावात आपलंच बोलणं कुणाच्या तरी तोंडून परत ऐकायला त्यांना बरं वाटत असेल? विभानेही तिला दुरुस्त केलं नाही.

"माझा नंबर कुठून मिळाला?"

"मराठी मंडळाच्या सेक्रेटरींकडून. दिवाळीच्या कार्यक्रमाचा फोटो होता, फेसबुकवर. त्यात तुम्ही रांगोळीपाशी बसला होता. तो मी बाबांना दाखवला होता."

"कधी?"

"ते असताना. सहा-सात वर्षं झाली."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. विभाने कपातली कॉफी ढवळली. त्यात साखर घातलेलीच नव्हती.

"मग ते आले का नाहीत?"

"मी विचारलं होतं." रेवाने डोळे वर केले नाहीत. "म्हणाले, तिला यायचं असलं तर ती येईल. आपण कुठल्या तोंडाने जायचं?"

त्या दिवसानंतर रेवा महिन्यातून एकदा, गुरुवारी काम संपलं की आगगाडीने रियाधला येऊ लागली. शनिवारी परत जायची. अवनीची तिच्याशी लगेच गट्टी जमली. "आई, शी टॉक्स लाइक अ मॅन, इट्स सो कूल," असं म्हणत ती मावशीमागे फिरायची. विभा स्वयंपाक करता करता विचारायची आणि रेवा ओट्याशी टेकून सांगायची. बाबांचा चष्मा दोऱ्याने बांधलेला असायचा. अम्माने मासे केले की ते ताट घेऊन गच्चीत जायचे. ठेच्यासाठी इथल्या मिरच्या तिखट नाहीत म्हणून शेजारच्या बंगाली माळ्याकडून रोप आणून त्यांनी डब्यात लावलं होतं. बदल्यात रेवाला हवे असायचे त्यांचे तरुणपणीचे दिवस. विभाने तिला विहिरीची गोष्ट सांगितली तेव्हा ती ओट्यापासून सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांना पोहता येत होतं? मला कधी समुद्रात पण नाही नेलं."

सगळं ऐकायला विभाला बरं वाटायचं असंही नाही. एकदा रेवा म्हणून गेली, की बाबा तिला बारा वर्षं रोज शाळेत सोडायचे आणि फाटकाबाहेर घंटा होईपर्यंत उभे राहायचे. विभाने गॅस बंद केला, आत जाऊन कपाट उघडलं आणि आधीच नीट ठेवलेल्या चादरी पुन्हा घड्या घालून ठेवल्या. रेवा दाराशी आली होती. ती परत गेली आणि तिने कणीक मळून ठेवली.

आईला सांगायलाच हवं होतं. फोनवर आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुझी बहीण आहे, तू बघ," त्या म्हणाल्या. "माझ्यापर्यंत आणू नकोस." आवाज चढला नव्हता. त्यांनी लगेच अवनीच्या परीक्षेचं विचारलं.

मंजिरीने मात्र सरळ नकार दिला. "तुझ्याकडे निदान विहीर आहे, ताई. मला त्यांचा चेहरा फोटोवरून ठाऊक. मी तिला भेटून काय करू?" दोन महिने ती विभाशी मोजकंच बोलली. मग एप्रिलमध्ये एकदा तिनेच फोन करून सांगितलं, की गुरुवारी राबिघजवळच्या जेद्दाहून विमानाने येते आहे आणि हुफूफ बघायचं आहे. माणूस नाही, गाव, असं तिने बजावून सांगितलं.

शुक्रवारी सकाळी विभाने गाडी काढली. मंजिरी शेजारी. रेवा त्या आठवड्यात हुफूफलाच होती. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळू सुरू झाली, मधूनच उंटांचे कळप. दीडेक तास झाला. मग विभाने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, "मी एकदा गेले होते हुफूफला. आगगाडीने. ते असताना."

मंजिरी वळली. "भेटलीस?"

"नाही. स्टेशनवर उतरले, दोन तास बाकावर बसले आणि परतीच्या गाडीने आले. सुरेशला म्हटलं, ऑफिसात मीटिंग होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते?"

मंजिरीने तोंड खिडकीकडे केलं. ती रडत नव्हती, रागावली होती. मग म्हणाली, "मला घेऊन गेली असतीस तर मी उठवलं असतं तुला त्या बाकावरून."

रेवा कारखान्याच्या क्वार्टर्सबाहेर उभी होती. मंजिरीला बघून तिने हात पुढे केला, मागे घेतला आणि नुसती म्हणाली, "मी रेवा. मी कालपासून वाट बघतोय."

"बघतेय," मंजिरी म्हणाली. "मुली बघतेय म्हणतात. बस गाडीत."

रेवाची अम्मा केरळला परत गेली होती आणि वडिलांचं भाड्याचं घर आता दुसऱ्या कुणाकडे होतं. ते त्यांनी रस्त्यावरूनच पाहिलं, खाली टायरचं दुकान, वर दोन खिडक्या. मग रेवा त्यांना हाशिर नावाच्या एका म्हाताऱ्या सौदी माणसाच्या बागेत घेऊन गेली. जगदीशरावांनी सर्वांत जास्त वर्षं त्याच्याकडे काम केलं होतं. खजुराच्या झाडांखाली गारवा होता. हाशिरने चटई पसरली, कॉफी मागवली, आणि तो रेवाशी बोलत राहिला. ती वाक्या-वाक्याला थांबून मराठीत सांगत होती. जगदीशला पंपाचा आवाज लांबूनच कळायचा. जगदीश कामावर असताना बोलायचा नाही. जगदीशला गोड खजूर आवडायचा नाही, अर्धा कच्चाच खायचा.

"आणि?" मंजिरीने विचारलं, कारण हाशिर पुढेही काही बोलला होता आणि रेवाने ते मराठीत सांगितलं नव्हतं.

"काही नाही. असंच."

पण विभाला कळलं होतं. दहा वर्षं इथे काढल्यावर एवढी अरबी कुणालाही येते. एकच मुलगी होती त्याला, म्हातारा म्हणाला होता, पण तिच्यावर जीव होता त्याचा.

"एक म्हणाले ना?" तो आकडा मंजिरीलाही कळला होता.

रेवाने मान खाली घातली. तिने बोटांनी चटईची काडी उपसायला घेतली. हे आपल्याच हातून झालं, अशी ती बसली होती, आणि विभा वर झाडांकडे बघू लागली. सात वर्षं हा माणूस साडेतीन तासांवर होता आणि त्याने इथे, या झाडांखाली, आपलं नावही काढलं नव्हतं. त्याला लाज वाटत होती की तो विसरला होता, हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

"त्यांना सांग," मंजिरी रेवाला म्हणाली, "की तीन होत्या. तिघी आलोय म्हणावं."

रेवाने वर पाहिलं. मग ती हाशिरशी बोलली. म्हाताऱ्याने कप खाली ठेवला, तिघींकडे आळीपाळीने पाहिलं, आणि सगळ्यांत मोठी कोण ते विचारलं. मग नावं विचारली. विभा त्याला जमलं. मंजिरीपाशी तो दोनदा अडखळला आणि मंजिरीने ते दोन्ही वेळा नीट करून सांगितलं. त्याने निघताना खजुराचे तीन डबे दिले. चौथा घ्या म्हणाला, तेव्हा रेवाने तीनच पुरे म्हणून सांगितलं.

दुपारी रेवाला क्वार्टर्सवर सोडताना मंजिरी खाली उतरली. दोघी फाटकापाशी उभ्या राहून काय बोलल्या ते विभाला गाडीत ऐकू आलं नाही. परत येऊन बसल्यावर मंजिरी एवढंच म्हणाली, "ईदच्या सुट्टीत राबिघला बोलावलंय तिला. समुद्रावर नेईन."

रस्ता पुन्हा वाळूतून सुरू झाला. ऊन समोरून येत होतं. मंजिरीने पायातल्या चपला काढून पाय वर घेतले, लहानपणी बसायची तशी.

"ताई, एक विचारू? खरं सांग. ते शेवटचे आले होते तेव्हा मी त्यांच्या मांडीवर बसायचे का?"

विभाला तिचं मन राखता आलं असतं. तिने त्या दीड महिन्यातले दिवस एकेक करून आठवून पाहिले. ओसरी, जेवणाची पंगत, कपडे वाळत घातलेली दोरी, वडिलांचा पांढरा बनियन. मंजिरी कुठे होती? परकरात, दाराआड, पाहुण्याकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत असलेली दिसली. मांडीवर नाही दिसली.

"मला आठवत नाही, मंजू," ती म्हणाली.

"बरं," मंजिरी म्हणाली.

मग तिने मागे हात करून एक डबा घेतला, उघडला, आणि त्यातला एक खजूर, बी काढून, गाडी चालवणाऱ्या बहिणीच्या हातावर ठेवला.