साक्षीला आलेले भाऊजी

शिंदेभाऊजींनी यांच्या स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि हे निमूट उभे राहिले. मी लावायला गेले, की हात झटकतात.

माजी सैनिकांच्या कार्यालयातली गोष्ट. यांच्या सेवेच्या नोंदीत बर्फातल्या चौकीवरची नेमणूक आणि तिथं मिळालेलं पदक, दोन्ही राहून गेलं होतं. दुरुस्तीसाठी बरोबरच्या जवानाची साक्ष हवी होती, म्हणून भाऊजी लांबून आले होते.

"यानं मला पाठीवर घेऊन खाली आणलं, साहेब," ते अधिकाऱ्यांना सांगत होते. "मी डोळे मिटले की रडायचा. झोपू नको म्हणायचा."

अधिकाऱ्यांनी मान डोलावली. नोंद होईल म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही हे रडले नव्हते. इतकी वर्षं मी ज्यांना कोरडं समजत आले, त्यांचे अश्रू या परक्या माणसानं पाहिले होते. माणसाशी संसार करावा आपण, आणि त्याचं काळीज दुसऱ्याच कुणाला ठाऊक असावं!

परतताना एसटीत मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत कधी?"

"तू इथं एकटी होतीस. पोरं लहान. उगाच घोर कशाला?"

"आता सांगा."

खिडकीबाहेर बघत ते हळूहळू सांगू लागले. मी त्यांचा हात धरून ऐकत होते, आणि प्रत्येक वाक्याला मनात येत होतं, भाऊजींना हे आधीपासून माहीत आहे.