मोगऱ्यापर्यंत न पोचलेलं पाणी

माझ्या बहिणीला तिच्या दिराने फसवलं. तिच्या झाडांचं पाणी त्याने चोरलं आणि बोल माझ्या पाइपला लागला. वत्सलाअक्का जाऊन महिना होत आला. लोक म्हणतात, आता तिच्याबद्दल गोड तेवढंच लिही. मला ते जमत नाही...

अक्का जामबागेतल्या शाळेत शिकवायची. दाजी गेल्यावर चेवेल्ल्याच्या पुढची जमीन दोन वाट्यांत गेली. बोअर दिराच्या, विनायकरावांच्या बाजूला राहिलं. पाणी दिवसाआड पाळीने घ्यायचं, असं तोंडीच ठरलं. अक्काला मिळालं ते पार टोकाचं रान. तिथे तिने चिकू, पेरू लावले आणि कुंपणाशी मोगऱ्याची रांग. गौलीगुड्यात माझं पाइपचं दुकान आहे, हातगाडीपासून उभं केलेलं. विनायकरावांच्या वाट्यातून चर खणून घेऊन मी स्वतः लाइन टाकून दिली. पाणी चिकूपर्यंत धड जायचं, पेरूशी नुसतं ठिबकायचं, मोगऱ्याला काहीच नाही. "बापू, तुझं पाणी वाटेत चहा प्यायला थांबतं काय रे?" अक्का हसायची. मी चिडायचो. पाइप बदलला, मोटार मोठी बसवली. त्याने विनायकरावांचं लॉन तेवढं हिरवं झालं. त्यांच्या पाळीचं पाणी तर त्यांच्या आंब्यांनाच पुरत नव्हतं. लॉनला पाणी कुठून, विचारलं तेव्हा म्हणाले, "टँकर मागवतो, बापूराव. तुमच्यासारखी कंजुषी आपल्याला नाही जमत." बाजारात मी कुणाचाही पहिला भाव मानत नाही. त्यांचं मानलं... घरचा माणूस.

दवाखान्यात शेवटी अक्काने मला जवळ बोलावलं. "मोगऱ्याला पोचलं का रे?" दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेल्याचा फोन आला.

तेरावं झाल्यावर मोईनमिस्त्रीला घेऊन मी सगळी लाइन उकरली. लॉनच्या कडेला तो थांबला. "सेठ, इदर तो किसीने जोड मारा." आमच्या पाइपातून फुटलेला दुसरा पाइप सरळ लॉनखाली गेला होता. विनायकराव मागेच उभे होते. शांतपणे म्हणाले, "वहिनींना माहीत होतं. त्या कधी बोलल्या नाहीत."

गेल्या उन्हाळ्यात अक्का गावातल्या हापशावरून बादली भरून आणायची, दुखऱ्या गुडघ्याने. विनायकराव फाटकाशी पुढे व्हायचे, "द्या वहिनी" म्हणून बादली घ्यायचे आणि त्या लॉनवरूनच चालत मोगऱ्याला नेऊन ओतायचे. ती घरी येऊन मला सांगायची, "दीर असावा तर असा."

ही चोरी ज्या बाईला माहीत होती, ती असं बोलेल?

विनायकराव, पाणी गेलं, मोगरा वाळला. ते राहू द्या. पण ती गेल्यावर तिच्या नावावर हे खोटं का घातलंत? तिच्या मासिक श्राद्धाला सगळे नातेवाईक जमतील. पानं वाढण्याआधी, सगळ्यांसमोर उभं राहून खरं काय ते सांगा.