पाहणीच्या दिवशी फोडलेलं पाकीट

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर दोन चिकट पॅड लावायचे. यंत्र ठोके तपासतं आणि गरज असेल तर शॉक देतं. पॅड एकदाच वापरायचे असतात. लोहा तालुक्याच्या रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर म्हणून मला हे झोपेतही सांगता आलं असतं. तरी पाहणीला आलेल्या साहेबांना फोटो हवा होता, तेव्हा मीच पाकीट फोडलं. आमच्या पायलटनं, म्हणजे ड्रायव्हरनं, शर्ट काढला. त्याच्या छातीवर पॅड लावून मी फोटोत हसलोसुद्धा. साहेब गेल्यावर ते सोलून परत प्लॅस्टिकवर चिकटवले आणि पाकिटाला टेप मारली. दुसरा जोड नव्हता. नव्याची मागणी पाठवली आणि वहीत ‘यंत्र तयार’ असं लिहून मोकळा झालो. पॅड नाहीत म्हणून गाडी उभी ठेवली असती तर मलाच धारेवर धरलं असतं. इतका मी शहाणा.

चौथ्या दिवशी दुपारी जवळच्या गावातून फोन आला. पिठाची गिरणी चालवणारा माणूस दळता दळता कोसळला होता. आम्ही पोचलो तेव्हा त्याची बायको त्याची छाती दाबत होती. गावातल्या बैठकीत मी दाखवलं होतं अगदी तसं, हात ताठ ठेवून, मोजत. तिचा दीर जीप काढून तयार होता, पण तिनं नवऱ्याला उचलू दिलं नव्हतं. मशीनची गाडी येतेय, थांबा, म्हणाली होती; बैठकीत मीच तसं सांगितलं होतं. अख्ख्या गावात तिनं एकटीनं माझं ऐकलं होतं.

मी छातीवरचं पीठ आणि घाम पुसून पॅड लावले. कडा उचलल्या. पुन्हा दाबले, पुन्हा उचलल्या.

“सायेब, हे चिकटंना,” पायलट हळूच म्हणाला.

यंत्र पॅड तपासा, पॅड तपासा म्हणत राहिलं. शॉक दिलाच नाही. दवाखान्यापर्यंत मी छाती दाबत गेलो. तिथं तो गेल्याचं सांगितलं. शॉकनं तो उठला असता का, हे कुणालाच सांगता येणार नाही. या वाक्याच्या आड मी बरेच दिवस लपलो. भेकड माणसाला तेवढा आडोसा पुरतो.

तेरावा झाल्यावर ती आमच्या गाडीपाशी आली.

“दीर म्हनतेत, जीपात घालून नेलं असतं तर जगले असते. म्याच अडवलं. माझा कसूर झाला का, डॉक्टर?”

नाही म्हणालो.

“मशीन लावली व्हती नव्हं?”

“लावली होती.”

पॅडचं खरं सांगितलं असतं तर ती सुटली असती आणि मी अडकलो असतो. वर तिनं मलाच हात जोडले. गिरणी आता दीर चालवतो. तिला तिथं पाय ठेवू देत नाहीत. नवऱ्याला हिनंच मारलं, असं घरात तिच्या तोंडावर म्हणतात.