पास झालेल्या सीडी

आमच्या गाडीतला सीडी प्लेअर माझ्यापेक्षा हट्टी आहे. (घरच्यांच्या मते आम्ही बरोबरीत आहोत.) गाडी जुनी घेतलेली, पेनड्राइव्हची सोय नाही, आणि मला तर तिच्यात बाबांची भजनं वाजवायचीच होती.

कारखान्याच्या रांझीतल्या क्वार्टरमध्ये बाबा रोज संध्याकाळी पेटी घेऊन बसायचे आणि टेपरेकॉर्डर चालू करून गायचे. आई गेली तेव्हा पेटीवर जी चादर पडली ती पडलीच. बोलणंही जेवणापुरतं उरलं. भाचीच्या लग्नाला गाडीनं नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा वाटलं, वाटेत त्यांना त्यांचाच आवाज ऐकवावा, माणूस जरा खुलेल. बाबा नुसतं "पाहू" म्हणाले, पण कॅसेटची पिशवी त्यांनी स्वतः काढून दिली.

बाबा कारखान्यात लेथवर होते, मी तिथेच तपासणी खात्यात आहे. त्यामुळे काम शिस्तीत झालं. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर, तिथून सीडीवर. बायकोनं वरच्या बाजूला सुंदर अक्षरात नावं घातली. मी प्रत्येक सीडी कॉम्प्युटरवर अथपासून इतिपर्यंत ऐकली, पास केली, खूण केली आणि मगच डबीत ठेवली. एक तेवढी नापास झाली. तिच्यात ऐन रंगात आलेल्या भजनात आई स्वयंपाकघरातून ओरडत होती. "सगळं गाणं बिघडवलं आईनं," असं म्हणत मी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

रविवारी गाडीनं रिछाईपर्यंत चक्कर मारली. प्लेअरनं पहिली सीडी आत घेतली, घरघरला आणि बाहेर काढली. लहान मूल औषध थुंकतं तशी. दुसरी, तिसरी, सगळ्यांची तीच गत. गाडी दुकानात नेली तर दुकानदारानं स्वतःची सीडी घातली आणि ती ठणठणीत वाजली. "भैया, प्लेयर में कुछ नहीं है, स्लो राइट करो," म्हणाला.

मी नवी सीडी स्लो, म्हणजे कमी वेगानं लिहिली. ऐकली, पास केली, खूण केली. वाजली नाही. मग मेहुण्यानं फोनवर सांगितलं की फॉरमॅट चुकला. फॉरमॅट बदलला, ऐकली, पास केली, खूण केली. वाजली नाही. मग महागाच्या सीडी आणल्या. त्याही थुंकल्या! शेवटी बायको म्हणाली की तुम्हीच गा, मी टाळ वाजवते, पण हे थांबवा.

निघालो त्या दिवशी नव्या सीडींची डबी सोबत होतीच. सिवनी येईपर्यंत सगळ्या परत आल्या. संतापून मी डॅशबोर्डवर थाप मारली, तर एसी बंद पडला. गाडी चहाच्या टपरीपाशी घेतली. मागच्या सीटवरून बाबा पुढे सरकले. त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक सीडी काढली.

"हे लावून पाय."

"बाबा, ही नापास झालेली आहे. मी फेकली होती."

"मालूम आहे. लाव ना."

लावली. प्लेअर घरघरला आणि चक्क गाऊ लागला. बाबांचा तरणा आवाज गाडीत भरला, आणि तान वर चढते न चढते तोच आई कडाडली, "अहो, काय गाऊन राहिले! दूध उतू चाललं तिकडे!"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले. "उतूच गेलं होतं त्या दिवशी," म्हणाले आणि पुढचं कडवं सीडीबरोबर स्वतःच गायला लागले. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी उगाच एसीची बटणं दाबत बसलो.

बायको मात्र बाकीच्या सीडी उलटून पाहत होती. "अहो, या सगळ्यांवर खाली, चमकत्या बाजूला, भोकाशेजारी हा हिरवा ठिपका काहून आहे?"

"पास झाल्याची खूण. गेटचा ऑइलपेंट उरला होता ना, त्याचा," मी अभिमानानं सांगितलं. "वर तुझं अक्षर खराब झालं असतं."

"अच्छा. आणि बाबांनी दिलेल्या सीडीवर?"

"ती नापास होती ना."

एवढं बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. प्लेअर भोकाकडूनच वाचायला सुरुवात करतो, हे मी त्याच आठवड्यात मेहुण्याला समजावून सांगितलं होतं.

बाबांनी गाणं थांबवलं. "लेथवरचे माझे जॉब बी तुमचं खातं असंच नापास करे," म्हणाले आणि पुन्हा सुरात शिरले.

आता पनागरचा भाजीवाला दारात आला की बायको मला आवर्जून बोलावते. मी तपासून बाजूला टाकलेली वांगी ती निमूटपणे पिशवीत भरते.