फिलिपाइन्सला गेलेली एका बाईची समिती

विमानाच्या आधी हैदराबादची ट्रॅव्हल्स गाठायची होती, आणि त्या ट्रॅव्हल्समध्ये मला बसवून द्यायला वारंगा फाट्यावर आमची अख्खी भावकी जमली होती. कुणी हार आणला होता, कुणी खारे शेंगदाणे. एका चुलतीनं तर विमानात उलटी होऊ नये म्हणून लिंबू दिलं आणि ते कानाला लावायचं की नाकाला, यावर तिथंच भांडण लागलं.

आमच्या घरातून परदेशात जाणारी मी दुसरी. पहिली माझी भाची, कोमल. शिष्यवृत्ती मिळवून ती वर्षापूर्वी फिलिपाइन्सच्या एका खाजगी कॉलेजात नर्सिंग शिकायला गेली. आणि मी निघाले होते ते कॉलेज खरं आहे का खोटं, हे बघायला.

झालं होतं असं. एकदा व्हिडिओ कॉलवर कोमलच्या मागं इमारत दिसली. वरचा मजला बिनप्लॅस्टरचा, गच्चीवर उघड्या सळ्या. आमचे चुलते मारोतीआबा, ज्यांना कुणी विचारत नाही तरी ते सांगतात, मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाले, "ह्ये कालेज हाय व्हय? कोंबड्यायचं शेड दिसून राहिलं!"

तेवढं पुरलं. औंढ्याच्या बाजारापर्यंत बातमी गेली की नामदेवची पोरगी फसली. नामदेव म्हणजे माझा मोठा भाऊ, कोमलचा बाप. सिद्धेश्वर धरणाच्या कडेनं मेंढरं चारतो, बोलतो कमी. तो माझ्याकडं येऊन एवढंच म्हणाला, "तू शिकेल हायस. तू जाऊन बघ. खरं असलं तर राहू दे. खोटं असलं तर पोरीला संगंच घेऊन ये."

कोमललाही हे कळलं होतंच. फोनवर तिनं सरळ विचारलं, "आत्या, मला भेटायला येऊन राहिलीस का न्यायला?"

"बघू," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आता माझ्याबद्दल. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी सगळीकडं सांगते, तसं इथंही सांगते. बी.ए. केलं ते हिंगोलीतल्या एका कापडाच्या दुकानावरच्या कॉलेजात. खाली साड्या, वर आम्ही. पुढं आणखी शिकून आता फाट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. त्यामुळं खाजगी कॉलेज कसं उभं राहतं, हे मला खालून-वरून ठाऊक. तपासणीची समिती येणार म्हटलं की शेजारच्या शाळेची बाकं आमच्या जिन्यावरून चढायची. सूक्ष्मदर्शकं दुसऱ्या गावाहून यायची. एकदा तर विज्ञानाची पोरं कमी पडली म्हणून आम्हा बी.ए.च्या पोरींना पांढरे कोट घालून प्रयोगशाळेत उभं केलं होतं. माझ्या हातात परीक्षानळी होती आणि तिच्यात कुंकवाचं पाणी. समितीतल्या साहेबांनी विचारलं, "काय चाललंय?" मी म्हणाले, "उकळून राहिलंय सर." खाली जाळच नव्हता.

म्हणून मला पक्कं माहीत आहे की तारीख कळवून गेलं की कॉलेज दिसत नाही, तयारी दिसते. कोमलला मी सांगितलं शुक्रवारी येते. तिकीट काढलं गुरुवारी पोचायचं.

हैदराबादहून बँकॉक, बँकॉकहून मनिला. विमानाचं वर्णन करत नाही. खिडकी मिळाली आणि मी सगळा वेळ तोंड काचेला लावून बसले, एवढं पुरे. मनिलाच्या विमानतळावर मात्र माझी बॅग उघडायला लावली. आत वसमतची हळद, चांगली मोठी पिशवी. अधिकाऱ्यानं हातमोजा घालून बोट बुडवलं.

"हे काय?"

"हळद."

"खायची?"

"खायची, लावायची, देवाला वाहायची, जखमेवर भरायची."

त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसरीला. तिसरी बाई होती. तिनं वास घेतला आणि फटाफट शिंकली. सगळे हसले आणि मला जा म्हणाले. तिच्या नाकाला हळद तशीच लागलेली होती. नवरीसारखी दिसत होती. मी सांगितलं नाही.

पुढं बसचा प्रवास. आणि इथं एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही: मी भूगोल शिकवते, भरती-ओहोटी फळ्यावर काढते, पण समुद्र कधी पाहिला नव्हता. सिद्धेश्वरचं भरलेलं धरण हेच माझं सगळ्यात मोठं पाणी. बस एका वळणावरून वळली आणि उजवीकडं ते दिसलं. निळं, आणि पलीकडचा काठच नाही. मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं ओरडले, "समुद्र!" मराठीत. सगळी बस दचकून खिडकीकडं बघायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्यानं बराच वेळ बाहेर पाहिलं, मग माझ्याकडं पाहून इंग्रजीत सांगितलं, "हो. रोज असतो."

एका थांब्यावर जेवले. सिनिगांग (चिंचेचा आंबट रस्सा) मागवला. पहिल्या घोटालाच वाटलं, ही तर आपल्या घरचीच चिंच, फक्त तिखट घालायचं विसरलेत. पर्समधून शेंगदाण्याची चटणी काढून घातली. वाढणाऱ्या मुलीनं चाखायला मागितली आणि नंतर बराच वेळ पाणी पीत उभी राहिली.

गावात उतरल्यावर ट्रायसिकल (मोटारसायकलला जोडलेली बाजूची डबी) केली. उंच माणूस त्यात बसत नाही, त्याची घडी घालावी लागते. मी घडी होऊनच कॉलेजच्या फाटकासमोर उतरले आणि जे दिसलं त्यानं माझे पाय तिथंच रुतले.

खुर्च्या. चहूबाजूंनी खुर्च्या येत होत्या. हातगाडीवर खुर्च्या, डोक्यावर खुर्च्या, ट्रायसिकलच्या टपावर बांधलेल्या खुर्च्या. लाकडी, वेताच्या, प्लॅस्टिकच्या, एकीसारखी दुसरी नाही. आणि सगळ्या फाटकातून आत चाललेल्या.

मी पटकन समोरच्या केळीवाल्या बाईच्या टपरीमागं लपले आणि फोटो काढायला लागले. पकडलं! मी उद्या येणार म्हणून यांनी आज गाव उसनं आणायला काढलंय! केळीवालीनं मला लपलेलं बघून एक केळं हातात दिलं. मी ते खात फोटो काढले.

शेवटी धीर करून फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, "ह्या खुर्च्या कुणाच्या?"

"गावाच्या," तो खुशीत म्हणाला.

"सगळ्या बाहेरच्या?"

"सगळ्या बाहेरच्या!"

आता दादाला फोन करून काय सांगू? पोरीला काय सांगू? एवढ्यात डोक्यावर खुर्ची घेतलेली एक सावळी पोरगी समोरून आली. कोमल.

"आत्या? तू आज कशी?"

"माझं राहू दे. तू काहून खुर्च्या उचलून राहिलीस? तुला पण ढकललं का यात?"

"कशात?"

"समितीसाठी उसन्या खुर्च्या आणून राहिले ना हे लोक!"

"कोणती समिती?"

"मी!"

कोमलनं खुर्ची खाली ठेवली, त्याच खुर्चीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. तिच्या मैत्रिणी जमल्या. ती त्यांना त्यांच्या भाषेत सांगत होती आणि त्या एकेक करून खाली बसत होत्या. जरा शांत झाल्यावर तिनं खुर्ची उलटी करून पाठीमागं दाखवलं. तिथं रंगानं एक नाव लिहिलेलं होतं. मग दुसरीच्या मागं. मग तिसरीच्या. प्रत्येक खुर्चीवर नाव. आपल्याकडं भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसं.

"चल, लोलाकडं नेते," ती म्हणाली. "ती सांगंल तुला बराबर."

लोला म्हणजे आजी. लोला पिलार ही या कॉलेजची संस्थापक. वय झालेलं, पाठ वाकलेली, डोळे मात्र चिमणीसारखे फिरणारे. अंगणात बसून ती कुठली खुर्ची कुठल्या खोलीत, हे काठीनं दाखवत होती. मी नमस्कार केला, हळदीची पिशवी दिली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "आजी, हे कॉलेज खरं आहे का?"

कोमलनं कपाळाला हात लावला. पण लोलाला राग आला नाही. तिनं मला शेजारी बसवलं आणि कोमलला दुभाषी म्हणून मध्ये घेऊन सांगायला लागली.

सुरुवात झाली ती भाताच्या गिरणीच्या माळ्यावर. लोला टायपिंग शिकवायची. मशीन दोन, बसायला काही नाही. मग तिनं पोरींना सांगितलं, येताना घरून खुर्ची आणा. पोरी शिकल्या, कामाला लागल्या, जाताना खुर्च्या तिथंच ठेवून गेल्या, मागून येणाऱ्यांसाठी. मागं आपलं नाव लिहून. गिरणीचा कोंडा उडायचा, टायपिंगच्या कागदावर बसायचा. पुढं गावातल्या बाळंतिणींना होडीनं दूर न्यावं लागायचं, म्हणून सुईणींचा वर्ग काढला. त्यातून नर्सिंग. गिरणी सोडून स्वतःची जागा, मग मजल्यावर मजला. उद्या तिसरा मजला उघडणार होता, आणि नवा मजला उघडायचा म्हटलं की जुन्या मुलींची घरं एकेक खुर्ची आणून देतात. ती रीतच पडली होती.

"आणि त्या वरच्या सळ्या?" मी विचारलं.

"चौथ्या मजल्याच्या."

"आमच्या हिंगोलीत पण कुणी कापत नाही! पोरगं कमावतं होऊ द्या, मग वर चढवू, म्हणतात."

"कापल्या की माणूस म्हातारा झाला," लोला म्हणाली. "तुझं कॉलेज कसं वाढलं?"

मग मी पण सांगितलं. साड्यांचं दुकान, जिन्यावरची बाकं, परीक्षानळीतलं कुंकू, न पेटलेला जाळ. लोला इतकी हसली की काठी हातातून सुटली. मग इकडंतिकडं बघत, आवाज बारीक करून म्हणाली की पहिल्या तपासणीला त्यांच्याकडंही सांगाडा नव्हता. दुसऱ्या गावाहून उसना आणला, ट्रायसिकलमध्ये ताठ बसवून, वर टोपी घालून. वाटेत एका बाईनं हात केला, शेजारी जागा बघून चढली आणि चांगलं अर्धं गाव पार होईपर्यंत त्याच्याशी बोलत आली!

मी हसता हसता लोलाच्या खांद्यावरच पडले. पाहुणी आहे, समिती आहे, काही भान राहिलं नाही.

तरी मी माझं काम सोडलं नाही. ग्रंथालयात पुस्तकांच्या वरच्या कडेवर बोट फिरवलं. बोट कोरं निघालं. कॉलेज चालवत असलेल्या लहान दवाखान्यात मी न सांगता जाऊन उभी राहिले. आत कोमल होती. एका म्हाताऱ्याचा रक्तदाब बघत होती आणि तो बहुतेक मीठ खाल्ल्याचं नाकारत होता. तिनं पट्टा सोडला, कमरेवर हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत त्याला असं काही झापलं की मला शब्द एकही न कळता सगळं कळलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग तीच त्याला हात धरून पायरी उतरवायला गेली. दारात मला पाहून दचकली.

"बघून झालं का आत्या?" तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "न्यायला आलीस का भेटायला?"

"भेटायला," मी म्हणाले.

तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि म्हणाली, "वाढलाय. चटणी कमी कर."

दुसऱ्या दिवशी तिसरा मजला उघडला. बँड वाजला, पाऊस थोडा येऊन गेला, काल्देरेता (बोकडाच्या मटणाचा रस्सा) झाला. मेंढरं-शेरडांत वाढलेली बाई मी. बोकड कोवळा होता, हे मी पहिल्या घासाला जाहीर केलं आणि आचाऱ्यानं मला वाकून सलाम केला. कोमलच्या मैत्रिणी मला तीता (आत्या) म्हणत होत्या. तिघींनी मिळून मला नाचायला ओढलं. मी नाचले. आमच्या कॉलेजातल्या कुणाला हे सांगू नका.

परतीच्या वाटेवर बसमध्ये मला सारखी आमची ती बाकं आठवत होती. कापडाच्या दुकानावरचं आमचं कॉलेजही उसन्यावरच वाढलं, आणि त्याची मला लाज नाही. त्याच कॉलेजनं मला शिकवलं. फरक एवढाच की आमची बाकं समिती गेली की संध्याकाळी परत जायची. इथं आलेली खुर्ची परत जात नाही.

वारंगा फाट्यावर उतरले तेव्हा दादा उभा होता. सोबत मारोतीआबा आणि निम्मी भावकी. मी मोबाइल काढला. इमारत, प्रयोगशाळा, दवाखाना, सगळे फोटो दाखवायला तयार. दादानं मोबाइलकडं बघितलंच नाही.

"निघताना पोरगी रडली का?"

"न्हाई."

"काहून?"

"टाइम कुठं व्हता तिला? ड्यूटी व्हती. मला गाडीत बसवलं, अन् पळाली. मागं वळून सुदिक बघितलं न्हाई. मीच रडले वाटभर."

आबांना आयतंच मिळालं. "बघा! म्या म्हणलं नव्हतं? तुटली पोरगी घराला."

नांदेडकडं एक ट्रक गेला, त्याचा धुरळा खाली बसला.

"तुटली न्हाई आबा," दादा म्हणाला. "कामाला लागली."

आणि कमी बोलणारा माझा भाऊ हॉटेलाकडं वळून, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ मालक, हितं उभे हायेत त्या समद्याला चहा टाका! ट्रकवाल्यायला बी!"