स्प्रिंगांवरची गादी

मी पदवीधर झालो तो कैनाडच्या शाळेतल्या वंदनाबाईंमुळे. परवा दुकानात नव्या रेक्झिनचा वास आला आणि २०१६ सालची डहाणूची जत्रा आठवली. तिथे मी ट्रॅम्पोलिन सांभाळत होतो. बाई लेकीला, मनूला घेऊन आल्या. बाईंना उभं कसं ठेवायचं, म्हणून कडेच्या स्प्रिंगा झाकणारी रेक्झिनची गादी काढून मी खाली अंथरली.

“अरे, राहू दे.”

“बसा ना बाई. एवढं तरी करू द्या.”

थोड्याच वेळात मनूचा पाय उघड्या स्प्रिंगांत अडकून मोडला. “मधोमध उड्या मार म्हटलं होतं ना?” बाई तिलाच रागावल्या. मनू रडत माझ्याकडे बघत होती. मी बाईंच्या बोलण्यावर मान डोलावली.

काल पत्र टाकलं: “बाई, मनूचं चुकलं नव्हतं. तुम्हाला बसायला दिली ती स्प्रिंगा झाकायची गादी होती, मीच काढली होती. हे पत्र तिलाही दाखवा.”